पाझर तलावाखालचं ग्रीस

स्टाफरूममधला चहा संपतो, किस्से काही संपत नाहीत. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत तर त्यांचा ढीग साचलाय, आणि त्यातले निम्मे एकट्या बिराजदार सरांच्या मैदानाचे!

*

सर इतिहासाचे. खेळाच्या मास्तरांची जागा रिकामी, म्हणून पोरं पळवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. शाळेला मैदान मात्र नव्हतं. एक दिवस सरांनी फळ्यावर प्राचीन ग्रीसचं स्टेडियम काढलं. लांबलचक सरळ पट्टी, शेजारी लोकांना बसायला मातीचा उतार. सुरुवातीला दगडी उंबरा, त्यात पायाची बोटं रोवायला खाचा. पलीकडच्या टोकाला खांब, त्याला वळसा घालून परत यायचं.

काढता काढता सर थांबलेच. "अरे, एवढंच? उतार तर आपल्या पाझर तलावाच्या बांधाला बी हाय!"

सरपंचांनी बांधाखालची जागा दिली. शहाबादी फरशीला खाचा पाडल्या, बाभळीचा खांब रोवला. झालं स्टेडियम!

*

दसऱ्याला बायकांनी त्या फरशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हेडमास्तर भडकले. "सर, हे शाळेचं मैदान हाय का देऊळ?"

"तिकडं बी खेळ देवासाठीच व्हायचे," सर खोबरं खात म्हणाले. "आपण काय नवीन करायलोत?"

*

सुगीत बघतो तर पट्टीभर सोयाबीन वाळत घातलेलं! सरपंचांचंच. सर तावातावानं गेले.

सरपंच शांत. "तुम्हीच सांगितलं ना, तिकडं स्टेडियमात सभा व्हायच्या, जत्रा भरायच्या?"

"पण सोयाबीन वाळवत नव्हते!"

"त्यांच्याकडं पिकत नव्हतं सर. न्हाईतर सोडलं असतं व्हय?"

*

एकदा सरांनी वर्गात सांगितलं की, ग्रीसच्या त्या मोठ्या खेळांत बायकांना पळू देत नव्हते. लग्न झालेल्यांना तर बघायलाही बंदी. नववीतली रेणुका उभी राहिली. आमच्याकडची सगळ्यात चपळ पोरगी.

"सर, मग तेवढं ग्रीसचं घेऊ नका!"

दुसऱ्या दिवशी तिची आई गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन बांधावर पुढच्या जागा धरून बसली. मला त्या दिवशी गावाचा लई अभिमान वाटला, खरं सांगतो.

*

मग सरपंचांच्या डोक्यात गाळे शिरले. "रस्त्याकडंची जागा हाय, दुकानं निघतील. या साली लातूरहून एक तरी मेडल आणा, न्हाईतर मैदान विसरा." सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्ही सगळे लातूरला गेलो. सरपंचही आले, निकाल डोळ्यांनी बघायला. शंभर मीटर. शिट्टी झाली आणि रेणुका जी सुटली, ती सगळ्यांच्या पुढं फीत तोडूनच गेली! आम्ही नाचायला लागलो. सरांच्या डोळ्यांतून पाणी.

पण पोरगी थांबेचना. खांब दिसेना, म्हणून पांढऱ्या टोपीतल्या पंचांनाच वळसा घातला आणि निघाली की परत! बाकीच्या पोरी गुडघे धरून धापा टाकतायत, आणि ही एकटी मोकळ्या पट्टीवर, तसल्याच वेगानं. अख्खं मैदान हसायला लागलं. एक साहेब हात पसरून आडवे धावले, "अगं, थांब! शर्यत संपली!"

आमच्या शेजारची खुर्ची करकरली. तिच्यावर सरपंच उभे होते, दोन्ही हात वर करून.

"अडवू नका साहेब! ग्रीसचा नियम हाय!"