पत्रकाची कोरी बाजू

पाण्याखाली गेलेल्या थडग्यातून माणूस उठेल, असं तुम्ही मानता का? ‘हो’ म्हणायची घाई करू नका. बारा वर्षांची असताना मी ती घाई केली होती, तीही आत्यासमोर.

मी पत्रकांवर वाढले. बाबा भंडाऱ्याच्या छापखान्यातून येशूच्या सुवार्तेच्या पत्रकांचे गठ्ठे आणत आणि आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर वाटत. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. ‘थडगे रिकामे आहे’ हे मी वाचलेलं पहिलं अखंड वाक्य. अजून कुठे छपाईच्या शाईचा वास आला की आमची ओसरी दिसते. मी आणि आत्या पत्रकांच्या घड्या घालतोय, आणि तिची घडी माझ्यापेक्षा सरळ पडतेय.

वैनगंगेकाठच्या त्या धानाच्या गावात ख्रिस्ती घरं थोडीच होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी थडग्यांना चुना लावायची आमची रीत. आत्या सगळ्यांत आधी कोपऱ्यातल्या एका गोट्याला लावायची. त्याखाली तिचं बाळ होतं, जन्मल्यावर काही तासांतच गेलेलं.

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढणार, गाव हलणार, हे नक्की झालं त्या वर्षी तिने चुन्याची बादली खाली ठेवली आणि बाबांना म्हणाली, “माह्या लेकराले इथं सोडाचं नाई. खोदा अन् नव्या गावठाणात सोबत न्या.”

“बाई, तीस वर्षं झाले. मातीच निघन.”

“मंग मातीच न्या.”

शेजारचे काकाजी बांधावरून चालले होते, ते थांबले. नाताळाला आमच्याकडे जेवणारा, टिंगलीचा पूर्ण हक्क असलेला माणूस. “काहून भाऊ, तुमच्या देवाले पोहता येते का?”

“पाण्यावर चालत होता, काकाजी. पोहाची गरजच नाई पडली.”

दोघेही हसले. आत्या हसली नाही. ती पदराने डोळे पुसत होती.

मला मात्र स्फुरण चढलं. पत्रक तोंडपाठ होतं. ख्रिस्त उठला नसता तर आपला सगळा विश्वास फोल ठरला असता. तो उठला, म्हणून मरण हा शेवट नाही. समुद्रसुद्धा आपल्या पोटातले मेलेले परत देईल. मी घडाघडा बोलून टाकलं आणि वर विचारलं, “मंग रडाचं कायले, आत्या?”

ती माझ्यावर चिडली नाही. “पोरी, पाण्याचं भेव नाई मले. तुयाच कागदात हाय ना, थे बाई रिकाम्या थडग्यापाशी बागेत रडून राहिली होती, अन् उठलेल्या येशूनं नावानं हाक मारली तवा तिनं त्याले ओळखलं. माह्या लेकराचं बारसं नाई, बाप्तिस्मा नाई. हा गोटा तेवढा माह्या ओळखीचा. हाही पाण्यात गेला, तं बिननावाच्याले कोण हाक मारीन?”

बाबा आयुष्यभर उत्तरं वाटत आले होते. आता ते मातीतच बसले. खिशातलं पत्रक काढून उलटं केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि पेन उघडलं.

“सांग बाई. काय नाव ठेवणार होती?”

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने इतक्या पटकन सांगितलं, की ते नाव ती रोज मनात घेत असावी. बाबांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

“पुन्हा वाच,” आत्या म्हणाली.

बांधावर काकाजींनी चपला काढल्या होत्या.

आम्ही खोदलं नाही. बाबा घरोघर फिरले आणि त्या मातीतल्या एकेकाचं नाव विचारून लिहीत गेले. पुनर्वसनाच्या याद्या जित्यांच्या असतात. मेलेल्यांची यादी आमची आम्हीच केली. मग पाणी आलं.

आता ईस्टरच्या सकाळी आम्ही जलाशयाच्या काठावर जातो. बाबा ती यादी वाचतात. एका नावापाशी ते थांबतात, आणि ते नाव आत्या म्हणते. पाण्याकडे बघून, हाक मारल्यासारखं. तिच्या आवाजातली भीती कधी गेली, ते आम्हाला कळलंही नाही.

पुनरुत्थानावर मी आजही भांडते, लिहिते. पण ‘मेलेले उठतील’ असं घाऊक वाक्य माझ्या हातून उतरत नाही. हा उठेल, ही उठेल, असंच लिहावं लागतं. आणि ज्याला हे खरोखर मान्य आहे, त्याने रडणाऱ्या बाईला वचन ऐकवून गप्प करू नये. मी ते केलं होतं.

तुमचा धर्म कुठलाही असो, एवढं करा. या आठवड्यात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिचं एखादं लेकरू जगलं नसेल, तर त्याचं नाव काय ठेवणार होती, ते विचारा. तिने सांगितलं तर लिहून घ्या, आणि तिला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचा.