हात लावलास तर लिहून ठेव

बाबांचे कान इंजिनाने खाल्ले. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या लाँचवर त्यांनी आयुष्यभर इंजिन सांभाळलं आणि निवृत्त होईपर्यंत आईची हाकसुद्धा त्यांना ऐकू येईनाशी झाली. स्वतःचाही आवाज कळेना, त्यामुळे बोलले की ओरडूनच. अर्ध्या आळीला ऐकू जातं असं कुणीतरी हसून म्हटलं, तेव्हापासून त्यांनी बोलणंच कमी केलं. श्रवणयंत्र आणलं तर चार दिवसांत कपाटात. "शिटी मारतंय! न्हाय पायजे!"

घरात कारभार चालायचा तो पाटीवर. पाटीही लाँचवरचीच. इंजिनाच्या खोलीत कुणीही कशाला हात लावला, नळ फिरवला, पट्टा सैल केला, तर वर येण्याआधी पाटीवर लिहायचं, असा बाबांचा नियम होता. न लिहिणाऱ्याला ते भर धक्क्यावर फैलावर घ्यायचे. आता तीच पाटी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेली आणि तिच्यावर आईचं अक्षर: "आमटीत मीठ घातलंय." नाही लिहिलं तर बाबा स्वतःच्या हाताने परत घालणार, हे ठरलेलं.

दुपारी मात्र आई पाटी न घेता बोलायची. बाबा पडवीत माडांकडे तोंड करून बसायचे आणि ती मागे तांदूळ निवडत त्यांच्या पाठीशी गप्पा मारायची. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "ऐकू येत न्हाय म्हणूनच बोलते गो. न्हायतर या वयात असलं कोण बोलणार?"

मला ते बघवेना. माझा धंदा छोट्या चिपांचे प्रोग्राम लिहिण्याचा, आणि तेव्हा मी घरूनच काम करत होते. म्हटलं, बाबांसाठी यंत्र आपणच करू. खिशात मावेल एवढी डबी, तिला इयरफोन. प्रोग्राम सी भाषेत लिहिला. बाबांनी कानात घातलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि ओरडले, "तुझे ओठ आधी हालतात नि आवाज मागनं येतो!"

आलेला आवाज मोठा करून कानात सोडायचा हिशेब चिपला वेळेत उरकत नव्हता. सीमध्ये आपण काय हवं ते सांगतो. चिपला कळेल असं करून देणारा कंपायलर असतो, कसं करायचं ते तो बघतो. पण घाई असेल तर मधल्या थोड्या ओळी आपणच असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या बोलीत, लिहू शकतो. मी तशा अकरा ओळी घुसवल्या. आवाज ओठांबरोबर आला! बाबा चक्क हसले. आणि पाचव्या मिनिटाला कानात अशी किंकाळी उठली की त्यांनी इयरफोन उपटून फेकला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

"ऱ्हाऊ दे, बाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "एकदाच घालीन अजून. मग न्हाय."

दोन दिवस मी त्या अकरा ओळींवर डोकं आपटलं. ओळी बरोबर होत्या, वीसदा तपासल्या. मेल्या कंपायलरला नाही नाही ते बोलले. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठले तर समोर पाटी: "आमटीत मीठ घातलंय." हात तिच्या! चिपमध्ये आकडे ठेवायला मोजकेच खण असतात. माझ्या ओळींनी त्यातला एक वापरला होता आणि त्याच खणात कंपायलरने आवाज किती मोठा करायचा तो आकडा ठेवलेला. असेंब्लीच्या ओळी तो उघडून बघत नाही. कुठल्या खणांना हात लावला ते त्या ओळींच्या खाली आपण लिहायचं आणि त्याने विश्वास ठेवायचा. मी लिहिलंच नव्हतं. बाबांची लेक असून! लाज वाटली मला.

ओळींखाली त्या खणाचं नाव लिहिलं, एवढा एक शब्द वाढवला. स्वतःच्या कानात तासभर घालून बघितलं, मग दुपारी डबी बाबांना दिली. आई परसात होती, तिला काही माहीत नव्हतं. बाबा पडवीत बसले. ती तांदळाचं सूप घेऊन आली आणि नेहमीसारखी मागे बसली.

"तुम्हाला म्हाईत न्हाय," ती म्हणाली, "लग्नाआधी मी धक्क्यावर यायची ती तुमचा आवाज ऐकायला. भाजीचं निमित्त करून. आता तुम्ही बोलतच न्हाय. मी काय त्या पाटीसंग संसार करू?"

मी दारात उभी. बाबा उठले, आत जाऊन पाटी घेऊन आले, मिठाची ओळ पुसली, खडूने काहीतरी लिहिलं आणि पाटी आईच्या सुपावर ठेवली. "ऐकलं."

आईने पाटी वाचली, मग तिला इयरफोनची वायर दिसली. "अगो बाई! चोरून ऐकता व्हय? कधीपास्नं?"

"भाजीच्या निमित्तापास्नं," बाबा म्हणाले. कितीतरी वर्षांनी ते हळू बोलले, मला दारात जेमतेम ऐकू आलं.