पुढची सीट मिळणार नाही

विमानतळाला जायचं तर विश्रामची गाडी सांगा, असं पुण्याबाहेरच्या बावधनात तेव्हा कुणीही सांगे. पण गाडी सांगायची म्हणजे आधी माझं तोंड ऐकून घ्यावं लागे, कारण टेलिफोन माझ्या घरात होता. आम्ही बार्शीहून आलेले भाडेकरू, आणि विश्राम आमचा घरमालक. रस्त्याकडेचं शेत विकून त्याने खोल्या बांधल्या, एक टाटा सुमो घेतली, पण फोनसाठी अर्ज करायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याच्या कार्डावर माझा नंबर छापलेला, त्यापुढे 'पी. पी. नलिनीवहिनी', म्हणजे निरोप माझ्यामार्फत. छापण्याआधी त्याने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा परदेशाचं विमान धरायचं म्हणजे मुंबईला सहारला जावं लागे. लोक फोन करत. कधी निघायचं, माणसं किती, पेट्या किती, ते मी विचारून घेई. शेवटी एक वाक्य सांगावं लागे आणि ते सांगताना मला दर वेळी कसंनुसं होई. पुढची सीट मिळणार नाही. लोक भडकत. गाडीचं भाडं पूर्ण देतो आणि सीट का नाही, म्हणत. एका गृहस्थांनी तर मला ग्राहक मंचात खेचायची धमकी दिली. मी म्हटलं, खेचा, पण तिथेही मागेच बसून जावं लागेल.

विश्राम बोलायला कमी, गाडीला हळवा. घाटातसुद्धा पोटातलं पाणी हलू द्यायचा नाही. पण अधूनमधून डावीकडे मान वळवून हलकेच काहीतरी म्हणायचा. मागचे समजायचे, आपल्याशी बोलतोय. पुढची डावी काच चार बोटं खाली असायची, पावसातसुद्धा. एकदा मी पुण्यातून सामान घेऊन त्याच्या गाडीतून येत होते. मागे जागा नव्हती म्हणून पिशवी पुढे ठेवली. त्याने गाडी बाजूला घेतली, पिशवी उचलली आणि माझ्या मांडीवर दिली. उचलली ती अशी, की एखाद्याच्या मांडीवरून उचलावी. मी सीटला हात लावून पाहिला. गरम होती. गाडी उन्हात उभी होती, गरम असणारच. मी स्वतःला तसंच सांगितलं.

ती सीट नानांची होती.

नाना म्हणजे गेणबा, विश्रामचे चुलते. त्यांचा एकुलता एक विलास शिकून अमेरिकेला गेला, तेव्हा त्याला पोचवायला विश्रामचीच गाडी होती आणि नाना पुढच्या सीटवर होते. विलास काचेच्या दारापलीकडे गेला. नानांना वाटलं, ज्या जागी पोरगं आत गेलं त्याच जागी ते बाहेर येणार. त्यानंतर विश्राम कुणालाही सहारला घेऊन निघाला की नाना पटका बांधून, काच चार बोटं खाली घेऊन पुढे बसलेले असत. विलासने अमुक दिवशी येतो असं कळवलेलं नसे, तरी. तिथे लोखंडी कठड्याला धरून ते उभे राहत. पाट्या घेतलेले ड्रायव्हर, हार घेतलेले नातेवाईक आणि त्यांच्यात हे. परतीला गाडीत बसताना म्हणत, आज न्हाई आला. जणू काल येतो म्हणाला होता!

विलासचे फोन माझ्याकडेच येत. रंभाबाई, नानांची बायको, माझ्या घरात येऊन दोन्ही हातांनी रिसीव्हर धरायची. येतो, पुढच्या वर्षी नक्की, एवढंच त्यातून निघे. मला त्या पोराचा राग येई आणि त्याच्या आवाजातला थकवा ऐकला की राग धड टिकतही नसे.

एका दुपारी सहारहून परत येताना नाना गाडीतच गेले. विश्रामला कळलं ते बावधनात, दार उघडून हाक मारली तेव्हा. सगळ्या वाटेवर तो त्यांच्याशी बोलत आला होता. नव्या एक्सप्रेस वेच्या गमती, पाहुण्यांचं लग्न, नांगरटीचे दिवस. नाना काचेला डोकं टेकून होते. दमले असतील, असं त्याला वाटलं.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं ते त्याने एकदा माझ्या ओट्यावर बसून मला सांगितलं. त्या दिवशी नानांनी फार उशीर केला होता, कठडा सोडायला तयार नव्हते. विश्राम चिडला होता. घाट चढताना तो बोलून गेला, "नाना, इलास आता येत न्हाई. तुमी त्याचा नाद सोडा." नानांनी उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं, रागावले.

"कुटवर ऐकत व्हते वैनी, त्येच कळंना," तो म्हणाला. "माझं त्ये बोलनं ऐकून गेले, का त्याच्या आदीच गेले व्हते?"

मी त्याला माझ्या परीने समजावलं. आधी गेले असतील तर त्यांनी ऐकलंच नाही, आणि ऐकलं असेल तर म्हातारी माणसं असल्या बोलण्याने मरत नाहीत, फक्त फुगून बसतात. तुमचं बराबर हाय, म्हणून तो उठला. दुसऱ्या दिवशी पुढची काच पुन्हा चार बोटं खालीच.

विलास त्या वेळी आला नाही. त्याच्या तिथल्या कागदांचं काहीतरी अडलं होतं, निघाला असता तर परत जाता आलं नसतं. अग्नी विश्रामनेच दिला. दहाव्याला रामनदीच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. आता गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा, ही रीत. लोक एकेक पुढे झाले. रंभाबाईला अंतर देणार नाही, म्हणाले. बांधावरचा आंबा तोडणार नाही, म्हणाले. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. ऊन चढलं. मग विश्राम हात जोडून पुढे आला. म्हणाला, "नाना, इलासला मी सोता सहारवरनं माझ्या गाडीतनं घरी आनीन. तवर तुमची जागा कुनालाच देनार न्हाई."

कावळा उतरला.

बाकी सगळे सुटल्यासारखे उठले. विश्राम बसूनच राहिला. आपण घाटात बोललेलं खोटं पाडायचं आहे, म्हणजे नाना सुटतील आणि आपणही, एवढंच त्याच्या मनात उरलं होतं. मी भूतबित मानत नाही. पण त्या दिवसापासून ती गाडी दारात एकटी उभी असली तरी रिकामी वाटत नसे, हे मी शपथेवर सांगेन. पोरं तिच्याशी खेळत नसत. रंभाबाई जाता-येता तिच्याजवळ डोक्यावरचा पदर सारखा करी.

वर्षं गेली. बावधनात इमारती उठल्या, आमच्या शेजारच्या खोल्यांत आयटीतली पोरं राहायला आली. ती सगळं कॉम्प्युटरवर ठरवायची. विश्रामची गिऱ्हाइकं कमी झाली, तरी तो महिन्यातून एखादी फेरी काढायचाच आणि कठड्याशी थोडा वेळ उभा राहायचा.

आणि मग एका सकाळी विलास आला. आईला चकित करायचं म्हणून न कळवता आला. त्याच्या ऑफिसने परस्पर गाडी ठरवली होती. पांढरी, थंडगार, ड्रायव्हरला टोपी. ती दारात थांबली तेव्हा विश्राम आपली सुमो धूत होता. त्याने विलासला ओळखलं, आणि हातातलं फडकं तसंच धरून तो त्या दुसऱ्या गाडीकडे बघत राहिला. असा चेहरा मी माणसाचा कधी पाहिला नव्हता. पोटच्या पोराचं लग्न आपल्याला न बोलावता लागावं, तसा.

रंभाबाई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन धावत बाहेर आली, ती उंबऱ्यावरच थबकली. एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

"इश्रामच्या गाडीतनं न्हाई आलास?" तिने विचारलं.

विलास हसला. त्याला काय माहीत! कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, आई, हे काय, मी आलोय ना. रंभाबाई रडत होती, पण दारातून हलली नाही. तुझा बाप तितं तिष्ठत हाय, म्हणाली. माघारी जा आणि बापाला घेऊन ये.

गावातल्या शहाण्यांनी तोड काढली की विलासने गावाजवळच्या चांदणी चौकापर्यंत चालत जावं आणि तिथून सुमोत बसून यावं, म्हणजे शब्दही राहील आणि डिझेलही वाचेल. रंभाबाई म्हणाली, नाना चौकात उभे राहत नव्हते. मी तिच्यावर चिडले, इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली त्याला कुणी दारातून परत लावतं का, म्हणून. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. विश्रामने एका शब्दाने कुणाची विनवणी केली नाही. विलास लालबुंद होऊन पांढऱ्या गाडीत बसला आणि पुण्यातल्या हॉटेलात गेला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझा फोन वाजला.

"गाडी हवी होती," पलीकडचा आवाज म्हणाला. "सहारहून बावधन. माणूस एक, पेटी नाही."

मी आवाज ओळखला. तरी सवयीने म्हणाले, "पुढची सीट मिळणार नाही."

"ठाऊक आहे. मी मागे बसेन," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं की पाटीवर नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट.

पुठ्ठ्यावर ते नाव मीच लिहिलं. विश्राम म्हणाला, वैनी, तुमी बी चला. मी म्हटलं, येताना तिघं होऊ, तीन तिगाडा. तर म्हणाला, तिघं कुठे, नानांना धरून चौघं. यावर हसावं की नाही ते मला कळेना.

सहारला कठड्याशी नानांच्या जागी विश्राम पाटी घेऊन उभा राहिला. विलास गर्दीतून चालत आला, कुठल्याही विमानातून नाही, बाहेरच्याच रस्त्यावरून, आणि लोखंडाला हात लावून जरा वेळ थांबला. मग माझ्याशेजारी मागे बसला. पनवेल जाईपर्यंत विश्रामने एकदाही डावीकडे मान वळवली नाही. त्या गाडीत तो इतका गप्प मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. पुढच्या सीटकडे बघायचं नाही असं ठरवून मी बाहेर बघत होते.

घाट लागला तेव्हा विलासने विचारलं, "दादा, नाना नेमके कुठे गेले?"

विश्रामने गाडी हळू केली. "तेच मला ठावं न्हाई," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. आपण काय बोललो तेही, नानांनी उत्तर दिलं नाही तेही. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. घाटातल्या प्रत्येक वळणावर विलास त्या काचेकडे बघत होता, जिथे डोकं टेकलेलं होतं. मला वाटलं, आता नाना, विश्राम आणि विलास, या तिघांतलं कुणीच यातून सुटत नाही.

बावधनात गाडी थांबली. रंभाबाई दारात होतीच. तिने मुलावरून भाकरीचा तुकडा ओवाळला, त्याच्या पायांवर, डोळ्यांवर पाणी लावलं. मग गाडीला वळसा घालून पुढच्या काचेपाशी गेली आणि तिथेही ओवाळला. विश्राम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "नानी, नाना गेले त्या दिशी घाटात म्या त्यास्नी बोललो, इलास आता येत न्हाई. त्ये बोलनं त्यास्नी लागलं का काय, म्हाईत न्हाई."

रंभाबाईने तुकडा लांब भिरकावला आणि हात पदराला पुसले.

"इश्राम, त्ये तर मी त्यास्नी रोज सांगत व्हते. पटका बांधाया लागले की सांगत व्हते. तरी जायाचे. बोलन्यानं मरायचे असते तर माझ्या हातनं कवाच मेले असते."

विश्राम मटकन गाडीच्या पायरीवर बसला. त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

विलास मागे उभा होता. "आई, तूसुद्धा असंच म्हणायचीस?" त्याने विचारलं.

"मग काय म्हनाया पायजे व्हतं?" रंभाबाई म्हणाली. "तू येत न्हवतास."

ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. चल, भाकरी निवतिया, म्हणून ती आत वळली. ज्या घरात शिरायला तो सहारपर्यंत जाऊन आला होता, त्या घराच्या उंबऱ्याशी त्याचा पाय उचलेना. शेवटी विश्राम डोळे पुसून उठला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला घरात घेऊन गेला.