आधी पाणी, मग मासा

पाणीवाल्या मामांकडून मासा घ्यायचा, तर पाकिटाआधी बाटली काढावी लागे. घरच्या पाण्याची बाटली. मामा ते पाणी प्लास्टिकच्या मगात ओतत, त्यात आपल्या पिशवीतलं थोडं मिसळत, मासा सोडत आणि मग निवांत चहा मागवत. चहा संपेपर्यंत मासा पर पसरून फिरला, तर तो तुमचा. कोपरा धरून बसला, तर "नाय जमायचं तुमच्याकडं" एवढंच बोलून मासा परत पिशवीत. मुलगी देण्याआधी बाप स्थळाची चौकशी करतो, तसा सगळा मामला. बाटली न आणणाऱ्याला मामा ओळखही दाखवत नसत.

मामा मूळचे बिडकीनचे, शेतकऱ्याच्या घरातले. वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होते आणि बजाजनगरच्या दोन खोल्यांच्या घरात राहत. त्यातली मागची खोली माशांची. भिंतभर टाक्या, आणि त्यांत एकच जात, एंजल. घरात पिल्लं फार झाली की ती उस्मानपुऱ्यात आमच्या हौशी लोकांच्या क्लबात विकायला आणायची. महिन्याच्या एका रविवारी आम्ही एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचो आणि आपापली जास्तीची पिल्लं एकमेकांना विकायचो. मी त्या क्लबाचा सेक्रेटरी. विमा कचेरीतला कारकून, त्यामुळे टापटिपीची खोड, आणि खरं सांगतो, थोडी शिष्टपणाचीही.

आम्ही बाकीचे फिल्टरचं गोडं पाणी वापरायचो. बाहेरून महागडी जोडी आणायची, तिला मऊ पाण्यात लाडानं वाढवायचं आणि पिल्लं झाली की मिरवायचं. मामा बोअरचं पाणी वापरत. आपलं बोअरचं पाणी कसं असतं ते माहीत आहेच, बादलीला पांढरा थर बसतो. पहिली दोन वर्षं त्यांच्या माशांची अंडी पांढरी पडून वाया गेली. मामी रोज विचारायची, आज किती गेली? मामा टाकी पुसून पुन्हा नवीन जोडी लावत. शेवटी एका जोडीची मूठभर पिल्लं तगली, त्यांची पुढे तगली, आणि मामांचा वंश सुरू झाला. मी एकदा म्हटलं, मामा, एक फिल्टर घ्या की. ते म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, मासा जिथं नांदणार तिथलंच पाणी पाजावं. माहेरी लाड करून सासरी मारायचा का त्याला?"

आम्ही हसलो. त्यांच्या माशांना आम्ही 'लोकल' म्हणायचो आणि त्यांचं टेबल कायम दाराशी, चपलांच्या शेजारी. ते टेबल तिथं ठेवणारा मीच. आज लाज वाटते, पण ठेवलं होतं.

मग त्यांची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं. मागची खोली तिला हवी. मामीनं सरळ सांगितलं, ह्या रविवारी मासे गेले तर ठीक, नाहीतर सोमवारी टाक्या भंगारात. टाक्यांत दीडशेच्या वर पिल्लं. बाजारातला दुकानदार सगळी एकदम उचलायला तयार होता, पण तो बाटली थोडीच आणणार! मामांनी त्याला नाही म्हटलं. म्हणजे सगळी मदार आमच्या रविवारवर. मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागायला आले. टेबल जरा आत मिळेल का, एवढंच. मी म्हटलं, आत जागा नाही. वर आणखी शहाणपणा शिकवला, की मामा, या वेळी ती बाटलीची अट सोडा, गिऱ्हाईक पळतं. मामा म्हणाले, "मग मासे भंगारात गेले तरी चालतील."

त्या रविवारी मी एक सुधारणा केली. दरवेळी मासे पिशव्यांत लोंबकळतात, ते बरं दिसत नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकसारख्या काचेच्या टाक्या मांडल्या आणि सकाळीच हॉलच्या नळानं काठोकाठ भरून ठेवल्या. हॉलचा नळ बोअरचा. चाळीस हौशी माणसं तिथं हजर, वर्षानुवर्षं मासे पाळणारी, पण माझ्यासकट एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळ्यांनी भराभर पिशव्या उघडल्या आणि लाडके मासे टाक्यांत सोडून दिले.

अर्ध्या तासात हॉलचा आवाज बदलला. पुढच्या टेबलावरचे मासे तळाला बसले, पर मिटले, दोन-तीन आडवे झाले. माझे स्वतःचे काळे एंजल पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करायला लागले. लोक माझ्यावर ओरडायला लागले, आणि बरोबरच होतं. आणि दाराशी, चपलांशेजारी, मामांचे लोकल मासे पर ताठ करून फिरत होते आणि टाकीशी बोट नेलं की खायला मिळेल म्हणून पुढे येत होते.

मामांना त्या वेळी आपले मासे विकायची किती निकड होती ते मी जाणत होतो. तरी ते टेबल सोडून आत आले. म्हणाले, "मरायले नाहीत, घाबरायलेत. पिशव्यांतलं पाणी फेकलं नाय ना कुणी?" ज्यांच्याकडे ते पाणी उरलं होतं त्यांचं गोळा केलं, मासे त्यात परत घेतले आणि मग कपाकपानं नळाचं पाणी घालत बसले. मामांचे हात मोठे, मशीनवर राबलेले, पण एक थेंब घाईनं पडला नाही. दोन मासे गेले. बाकी सगळे वाचले. माझे काळे एंजलही वाचले.

मामा उठून वळले, तर त्यांच्या टेबलापुढे रांग! बाटल्या मात्र कुणाकडेच नव्हत्या. मामा नुसते खुर्चीत बसले. मग बघायची गंमत. डॉक्टर, प्राध्यापक, दुकानदार, सगळे गाड्या काढून घरी पळाले आणि दवाखान्यात औषधाला उभं राहावं तसे बाटल्या धरून परत उभे राहिले. मामा त्या दिवशी चहा किती प्याले असतील देवच जाणे. चौघांना त्यांनी तरीही नाही म्हटलं.

संध्याकाळपर्यंत दोनच मासे उरले. मी घाईघाईनं म्हटलं, हे मला द्या. मामांनी विचारलं, "फिल्टर काढला का?" तो घरी अजून चालूच होता. मामांनी ते दोन पिशवीत घातले आणि घरी नेले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू!

त्या दोन माशांकडे बघून मामी म्हणाली म्हणे, एवढे दोन राहू द्या, पोरीला करमेल. एक टाकी वाचली. नात झाली, ती टाकीकडे बघत दूध प्यायची, आणि वर्षभरात त्या जोडीनं अंडी घातली. पुढच्या सभेपासून मामांचं टेबल हॉलच्या मधोमध. ते मी स्वतः उचलून ठेवलं.

निवृत्त होऊन बिडकीनला परत जाण्याआधी मामा न सांगता माझ्या घरी आले. हातात पिशवी, पिशवीत त्या जोडीची सहा पिल्लं. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो प्लास्टिकचा मग काढला. वर्षापूर्वीच मी फिल्टर काढून टाकला होता, पण त्यांना सांगायचा धीर झाला नव्हता. बायकोनं चहा आणला. तो चहा संपेपर्यंत मी, पन्नाशीचा माणूस, परीक्षेला बसल्यासारखा बसलो होतो. मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सोडा टाकीत."

मामा गावी जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या माशांची पिल्लं शहरात कितीतरी घरांत आहेत. क्लबात त्यांना आता लोकल म्हणत नाहीत, बिडकीनचे म्हणतात आणि आधी तेच संपतात. गेल्या रविवारी माझ्याकडेही जास्तीची पिल्लं होती. एक तरुण गृहस्थ आले आणि पाकीट काढून भाव विचारू लागले. मी म्हटलं, घरच्या पाण्याची बाटली आणलीत का? त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि तरातरा निघून गेले.

अर्ध्या तासानं बाटली घेऊन परत आले. मी चहा मागवला.