रोवण्यातली गैरहजेरी

साकोलीला कॉलेज निघालं तेव्हा शकुनच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. बारावी पास झालेली सून आसपासच्या गावांत दुसरी नव्हती आणि तिच्या सासऱ्यांना, कृष्णरावांना, त्याचा मोठा अभिमान होता. सोयरीक जुळवताना त्यांनी शकुनच्या वडिलांना शब्द दिला होता, "पोरीले पुढं शिकवू." असा शब्द पुष्कळ जण देतात आणि अक्षता पडल्या की विसरतात. कृष्णराव विसरले नाहीत. १९७९ च्या जूनमध्ये ते स्वतः सुनेला बसनं साकोलीला घेऊन गेले, बी.ए.च्या पहिल्या वर्गात तिचं नाव घातलं आणि येताना भेटेल त्याला सांगत आले, "सुनेले कॉलेजात टाकलं."

शकुनला वाटलं, आता वाट सरळ आहे. तिथंच ती चुकली.

जुलै लागला. शेतातल्या बांध्यांमध्ये चिखल झाला, वाफ्यातले पऱ्हे हातभर वाढले आणि गावात रोवणा सुरू झाला. हे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वेळेत उपटून वेळेत लावली नाहीत तर वर्षाचं पीक हातचं जातं, हे झाडीपट्टीत कुणाला सांगावं लागत नाही. रोवायला बाया मिळेनात. मिळाल्या तरी दुपारनंतर दुसऱ्याच्या बांधीत पळत. शकुन वह्या घेऊन बसच्या रस्त्याकडे निघाली, तेव्हा बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून सासऱ्यांची हाक आली.

"कुठं जाऊन राहिली माय?"

"कॉलेजात जी, मामाजी."

"कॉलेज का पळून जाते? पऱ्हे पिवळे पडून राहिले. रोवना झाला का मंग जाय, खुशाल जाय."

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की कॉलेज जागेवर थांबतं आणि पऱ्हे थांबत नाहीत. शकुननं वह्या घरात ठेवल्या, पातळ खोचलं आणि सासूशेजारी, गोदावरीबाईंशेजारी, चिखलात उतरली.

पोळ्याच्या सुमारास ती पुन्हा वर्गात गेली तर वर्ग तिच्यासारखाच नुकता परतलेला. पोरांच्या पायांच्या बोटांमध्ये अजून चिखल्या होत्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. पण दिवाळीच्या सुट्टीआधी फळ्यावर नावं लागली. ज्यांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, त्यांची टर्म मंजूर नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिलाच वर्ग. जवळजवळ अख्खा वर्ग त्या फळ्यावर होता.

आठवड्याभरात एकेक नाव पुसलं जाऊ लागलं. मराठी शिकवणाऱ्या निर्मलाबाईंनी शकुनला बाजूला घेतलं.

"अगं, आजारपणाची सवलत आहे. डॉक्टरचा दाखला दे, काम होईल. सगळ्यांनी मलेरियाचे दिलेत."

"मले मलेरिया नव्हता मॅडम."

"तो कुणालाच नव्हता," निर्मलाबाई वैतागून म्हणाल्या. "जा आणि दाखला आण."

शकुनचा नवरा घनश्याम भातगिरणीत कामाला होता. त्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि तिला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं. तो बाहेर पानठेल्यावर थांबला, ती आत गेली.

डॉक्टरांनी तिचं बोलणं पुरतं ऐकलंच नाही. "मलेरिया आता बंद," ते म्हणाले. "एका वर्गात एवढा मलेरिया असेल तर गावात फवारणी करा, असा प्राचार्यांचा निरोप आलाय मला. लग्न झालंय ना तुमचं? मग सोपं आहे. दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात पोट पडलं, विश्रांती सांगितली होती, असं लिहितो. बायकांच्या कारणात कुणी खोलात शिरत नाही."

आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

शकुननं त्या पेनाकडे पाहिलं. दोन वर्षांत तिला एकदाही दिवस गेले नव्हते. दर महिन्याला ती बाजूला बसली की सासू तोंडानं काही बोलायची नाही, फक्त भांडं जरा जोरात आपटायची. माहेरी गेली की आई पोटाकडे बघायची. जे झालं नव्हतं, ज्याच्यासाठी ती देवघरासमोर गुपचूप हात जोडत होती, ते झालं आणि गेलं असं कागदावर लिहायचं? आणि कशासाठी, तर हजेरीसाठी?

"नको जी," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"रोवना होता म्हनून लिहा."

डॉक्टर हसले. "बाई, रोवणा हा रोग नाही."

ती उठून बाहेर आली. घनश्यामनं विचारलं, "झालं का?" ती म्हणाली, "नाही झालं." का नाही झालं ते तिच्यानं सांगवेना. घरी पोचेपर्यंत तो सायकल हाकत बडबडत होता. "साऱ्या दुनियेनं आनला दाखला. तुलेच काहून जमत नाही? एक ओळ लिहाची होती त्या मानसाले!" रडावं की ओरडावं, मागं कॅरियरवर बसलेल्या शकुनला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, घरी रोवणा असल्यामुळे येऊ शकले नाही, आणि तो प्राचार्यांसमोर ठेवला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"हे कारण नियमात बसत नाही."

"मलेरिया बसते जी?"

"मलेरिया बसतो."

"पन सर, ते सारे पोरं रोवत होते. आजूबाजूच्या बांध्याइत दिसत होते मले."

"मलाही दिसत होते," प्राचार्य म्हणाले.

तिची टर्म गेली.

चार दिवसांनी कृष्णराव धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून कॉलेजात आले. शकुन प्राचार्यांच्या दाराशी उभी राहिली. "साहेब, चूक माही आहे," ते म्हणाले. "मीच तिले बांधीत उतरवलं. मले का शिक्षा कराची ते करा, पन पोरीचं साल कायले घेता?"

प्राचार्य दमल्यासारखे दिसत होते. "कृष्णराव, नियम मी केला नाही. तो नागपूरच्या विद्यापीठातून येतो आणि नागपुरात रोवणा होत नाही. माझ्या घरी धानाचीच शेती आहे. माझा भाऊ याच नियमापायी माझ्याशी बोलत नाही, त्याचाही पोरगा अडकला होता. इतके खोटे दाखले मी घेतले कारण ते नियमात बसले. तुमच्या सुनेचा अर्ज खरा आहे आणि तो बसत नाही. मी काय करू ते तुम्हीच सांगा."

कृष्णराव टोपी सारखी करून उठले. बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत बसले. घरी आल्यावर मात्र गोदावरीबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "एवढा ताठा काय कामाचा? लोकाइच्या पोरी का खोटं बोलत नाहीत? सासऱ्याले हात जोडाले लावले कॉलेजात!"

तेव्हा शकुनचा बांध फुटला. चुलीपुढं उभी राहून ती एकदाच आणि मोठ्यानं बोलली. डॉक्टर काय लिहिणार होता ते सगळं. "तसं लिहून आनू का आत्याबाई? मंग गावात तुमीच सांगान का सगळ्याइले?"

घनश्याम ओट्यावरून उठून अंगणात गेला. गोदावरीबाईंनी हातातलं पीठ परातीत झाडलं, पदरानं तोंड पुसलं आणि त्या डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तो जेवणं होईपर्यंत चालला. सुनेला त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून घरातली भांडी आपटायची थांबली.

पुढच्या जुलैत शकुन पुन्हा त्याच पहिल्या वर्गात, नव्या पोरांमध्ये. पऱ्हे तयार झाले तसं तिनं आपणहून पातळ खोचलं. सासूनं तिच्या हातातून पऱ्ह्यांची जुडी ओढून घेतली.

"तू जाय. बस निघून जाईन."

"आत्याबाई, बाया कमी आहेत."

"मले दिसते. जाय म्हटलं ना!"

गोदावरीबाईंनी माहेराकडच्या दोन बाया आणवल्या आणि रोवणा रेटून नेला. कंबर धरली की सुनेला शिव्या, ओळ वाकडी गेली की कॉलेजला शिव्या. पण महिनाभर त्यांनी शकुनला बांधीत पाय ठेवू दिला नाही. हजेरी पुरली.

हजेरी पुरली आणि इंग्रजी अडलं. पहिल्या वर्षाचे बाकी विषय सुटले, इंग्रजीत नापास. तेव्हा तिला एटीकेटी हा शब्द कळला. म्हणजे पुढच्या वर्गात बसा, पण मागचा विषय गळ्यात बांधून. शकुन दुसऱ्या वर्षाला गेली, दुसरं वर्ष पास झाली, आणि तरीही शेवटच्या वर्षाला बसता येईना, कारण पहिल्या वर्षाचं इंग्रजी मागंच लोंबकळत होतं. नियम तसाच होता. ती घरी बसली. त्याच वर्षी तिला मुलगी झाली. एका मांडीवर लेक आणि दुसऱ्या मांडीवर इंग्रजीचं पुस्तक घेऊन तिनं व्याकरण घोकलं. निर्मलाबाई रविवारी दोन तास शिकवत आणि मध्ये मध्ये कपाळावर हात मारून घेत. "अगं, पुन्हा तेच चुकलीस!"

हिवाळी परीक्षेत इंग्रजी सुटलं. काठावर, पण सुटलं. मग शेवटचं वर्ष करून १९८४ साली शकुन बी.ए. झाली, तिसऱ्या श्रेणीत. तीन वर्षांच्या पदवीला तिला पाच वर्षं लागली. घनश्यामनं भातगिरणीत पेढे वाटले आणि घरी येऊन म्हणाला, "झालं एकदाचं. आता कॉलेजचं नाव काढू नको." गावच्या शाळेत तिला मुलांना शिकवायचं काम लागलं आणि लोक तिला शकुनबाई म्हणू लागले.

पण कॉलेजचं नाव निघायचंच. आता गावातून साकोलीला जाणाऱ्या मुली वाढल्या होत्या. दर जूनमध्ये शकुनबाई त्यांच्या घरी जाऊन बजावून यायच्या. "रोवन्यात पोरीले घरी ठेवलं तर साल जाईन. मंग माह्याकडे रडत येऊ नका." सगळे मान डोलवायचे. चहा पाजायचे. आणि पऱ्हे तयार झाले की निम्म्या पोरी बांधीत दिसायच्या. शकुनबाईंचा जीव नुसता वैतागून जायचा.

एकदा शाळेतून येताना गावातल्या देवाजीची कॉलेजात जाणारी पोरगी त्यांना गुडघाभर चिखलात दिसली. त्या वाट सोडून थेट धुऱ्यावर गेल्या.

"देवाजी, काय सांगितलं होतं मी?"

"आठच दिवस बाई," देवाजी ओशाळून म्हणाला. "आठ दिवसानं का होते?"

"मागच्या आठवड्यात बी आठच म्हटले होते!"

"बाया नाही ना भेटून राहिल्या."

ते खरं होतं. शकुनबाईंना ते त्याच्याइतकंच माहीत होतं, म्हणूनच अंगाचा तिळपापड होत होता. त्यांनी चपला काढल्या, धुऱ्यावर बैठक मारली आणि पोरीला म्हणाल्या, "बाहेर ये. पाय धू. दुपारची बस आहे अजून."

पोरगी बापाकडे बघत राहिली. देवाजी आभाळाकडे बघत राहिला. शकुनबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी पोरीनं हातातली जुडी चिखलात खोवली, कालव्यावर जाऊन पाय धुतले आणि ओल्या पायांनी रस्त्याकडे पळाली.