आबांची बिअर आणि माझी जीभ

मी दारू पहिल्यांदा चाखली ती सासऱ्यांच्या हुकमावरून, आणि चारचौघांत प्यायले ती त्यांच्याच दहाव्याला.

मला बोलायची लाज वाटते. चौथी झाली, शाळा सुटली, आणि लग्न होऊन पाली गावाच्या खालच्या अंगाला या घरात आले तेव्हा मान जी खाली घातली ती खालीच राहिली. (गावातली निम्मी माणसं मी अजून त्यांच्या पायांवरून ओळखते.)

आबा, म्हणजे माझे सासरे, बोलके होते आणि पिणारेही. नुसता घोट घेऊन कोणाच्या हातची आहे ते सांगायचे. मग पोटात पाणी झालं. भोरच्या डॉक्टरांनी बजावलं, यापुढे एक थेंबसुद्धा नाही. आबांनी नातवाच्या, माझ्या सागरच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि नेमका तोच सागर पुण्याकडे बिअर बनवायच्या कारखान्यात कामाला लागला! देवाला असले विनोद सुचतात, आणि हसायची वेळ आमच्यावर येत नाही.

एकदा तो स्वतः बनवलेल्या बिअरची बाटली घेऊन आला. म्हणाला, "आबा, ही कडक आहे. हिच्यात हॉप्स घातलेत. वेलीची फुलं असतात, वाळवलेली. कडूपणा त्यांचाच. तुम्ही नुसता वास घेऊन सांगा, जमलीय का." आणि संध्याकाळच्या एस्टीने गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे भातलावणीला गेले होते. आबांची भाकरी करायला मी मागे होते. त्यांनी खाटेवरून हाक मारली.

"सागरच्या आई, फुलपात्र आन. ती बाटली वत त्यात."

मी ओतली.

"आता पी."

"म्या?"

"मंग म्हशीला पाजू? शपथ म्या घेतलीय, तू न्हाई. घोट घे आन सांग कशी हाय."

मी देवाचं नाव घेऊन घोट घेतला. "कडू हाय."

"कडू कारलं बी असतंय! नीट सांग. आदी वास."

"संत्र्याची साल नखानं सोलल्यागत."

"हां! मंग कडू कुठं लागतंय? फुडं का मागं?"

"आदी फुडं. कडुलिंबाचा पाला चावल्यागत. मंग मागं बी."

"आन गिळल्यावर? गप बस जरा. मागनं काय येतंय बघ."

मी गप बसले. (ते मला जमतं.) मग म्हणाले, "कानामागं ऊन लागल्यागत व्हतंय, आबा."

आबांनी मांडीवर थाप मारली. "कानामागं ऊन! आता कळली मला बिअर!"

तोंडाला पदर लावून मी रडले की हसले, मला आठवत नाही. या घरात भाजी खारट झाली की सगळे सांगतात. तुला कशी लागली, असं मला त्या दिवसापर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

मी हात जोडले, कोणाला सांगू नका म्हणून. आबांनी शब्द पाळला. संध्याकाळी सागरला फोन करून त्यांनी माझा शब्दन्‌शब्द सांगितला, स्वतःचा म्हणून! मग सागर बाटल्या आणत राहिला, मी एकेक घोट घेत राहिले, आणि उरलेली शेवग्याच्या बुंध्याशी ओतत राहिले. (त्या वर्षी शेवगा वाऱ्यात जरा जास्तच झुलत होता. पण तो बोलत नाही, हे बरं.)

शेवटी आबांनी सागरला निरोप दिला, "कडू लई फुडं पळतंय. त्याला मागं धर." सागर म्हणाला, नवी बनवतो, घेऊन येतो. आबांची तब्येत उतरत गेली. डोळे मिटलेले असले तरी विचारायचे, "आली का गं बाटली?" बाटली यायच्या आधी आबा गेले.

दहाव्याला आभाळ गच्च भरलं होतं. नदीकाठी पिंड मांडले, शेजारी आबांची आवडती भजी, विडी, आणि सागरने आणलेली ती नवी बाटली. समोर उंबरावर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. पिंडाला कावळा शिवत नाही तोवर माणसाचा जीव कशाततरी अडकलेला असतो, असं आमच्याकडे मानतात. मग एकेकाने पुढे होऊन आबांना वचनं द्यायला सुरुवात केली.

आमचे हे म्हणाले, "आबा, बैल इकनार न्हाई!" कावळा नाही.

सुमन वन्सं, माझी नणंद, म्हणाली, "आबा, म्या माहेराला येत ऱ्हाईन!" कावळ्याने मान फिरवली.

आबांचे धाकटे भाऊ तात्या म्हणाले, "दादा, तुज्या बांदाला कोरून घेतलेलं परत देतो!" तरी कावळा नाही. तात्यांनी थोडी वाट पाहिली आणि पुटपुटले, "न्हाई ना येत? मंग ऱ्हाऊ दे."

गुरुजींना पुढे कामथडीला दुसरा दहावा होता. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या का?"

तेवढ्यात तात्यांचं लक्ष बाटलीवर गेलं. "ही हितं कुनी ठिवली?"

"मी," सागर म्हणाला.

"हिच्यापायीच गेला माजा भाव!"

आणि माझा सागर, मिशा फुटलेला, खाली वाळूत बसून रडायला लागला. "खरंय तात्या. आबा पीत होते. नुसत्या वासावरून एवढं कोणाला सांगता येत नाही. मला कळत होतं, तरी मी आणत राहिलो. माझ्या डोक्यावरची शपथ माझ्याच बिअरनं मोडवली. मीच मारलं त्यांना."

मी मान वर केली. जन्मभर ज्या माणसांचे मी पाय बघितले ती सगळी तिथे उभी होती, तोंडांसकट!

"आबांनी न्हाई पिली," मी म्हणाले. "म्या पिली."

"वयनी!" वन्सं किंचाळली.

"हिला ऊन लागलंय," आमचे हे म्हणाले. (सकाळपासून ऊन पडलेलं नव्हतं.)

तात्यांनी मान हलवली. "आईची माया हाय. पोराला झाकाया खोटं बोलतीया."

"खोटं न्हाई."

"मंग पी हितं. आन सांग कशी लागती."

मी सागरकडे पाहिलं. तो मान वर करीत नव्हता. मग मी फुलपात्र भरलं, लोकांकडे पाठ केली, पिंडाकडे तोंड केलं आणि घोट घेतला.

"आबा," मी म्हणाले, "आली बाटली. फेस दाट हाय, लगीच उडत न्हाई. ह्या खेपंला संत्रं न्हाई, आंब्याच्या चिकाचा वास येतोय. कडू हाय, पन तुमी म्हनला तसं मागं थांबलंय, फुडं पळत न्हाई. आन गिळल्यावर कानामागं ऊन लागतंय."

सागरने झटकन वर पाहिलं. "कानामागं ऊन... हे तर आबा फोनवर म्हणायचे!"

"आबांचं न्हवं बाळा. ते माजं हाय."

तो उठून माझ्या गळ्यात पडला. इथे मी थांबायला हवं होतं. पण आबांची शिकवण होती, एका घोटावर निकाल द्यायचा नाही. दुसरा घेतला. मग तिसरा, दुसऱ्याची खात्री करायला. पोटात सकाळपासून नुसता चहा, आणि बिअर कडक. फुलपात्र रिकामं झालं, ते पुन्हा भरलं, आणि इतक्या वर्षांची माझी जीभ सुटली!

"तात्या, बांद परत द्या! कावळा येवो न येवो!"

"आगं..."

"वन्सं, माहेराला या, पन येताना माजा तांब्याचा हंडा घिऊन या!"

"वयनी, बस खाली!"

"आन तुमी!" मी आमच्या ह्यांच्याकडे वळले. "इतकी वर्सं कालवन खाताय. तुला कसं लागलं, म्हनून इचारलं कदी?"

ह्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी नदीकडे पाहिलं, आणि एकदम ओरडले, "अहो, पिंड!"

सगळे वळले. मधला पिंड अर्धा खाल्लेला, भजी गायब, आणि उंबर रिकामा. कावळा आला, शिवला, जेवून गेला, आणि कोणी पाहिलंच नाही, कारण अख्खा गाव माझ्याकडे बघत होता! तात्या अजून म्हणतात की ते कुत्रं होतं. (बांध द्यावा लागू नये म्हणून.)

घरी जाताना टेम्पोत मी वन्संच्या मांडीवर घोरले म्हणतात. सागर मात्र दहा दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवला.

आता तो बाटली आणतो ती थेट माझ्याकडे. दुपारी घर रिकामं असतं, खाटही रिकामी असते. मी घोट घेते, जरा गप बसते, आणि मागून काय येतंय ते खाटेला सांगते. तिकडून मांडीवर थाप काही पडत नाही.

आमचे हे हल्ली जेवताना विचारतात, "तुला कसं लागलं?" मी म्हणते, "बरं हाय," आणि पुढे काही सुचत नाही. पुन्हा मान खाली घातलीय. पण काही उपयोग नाही. माझ्या दहाव्याला कावळा आला नाही तर काय ठेवायचं, हे आता वेल्ह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.