दर्भाचा कावळा

नारायणगावच्या बाजारपेठेत कुंडलिकचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार उपसून नवी भरायची आणि विहिरीवर जाऊन ती बसवून द्यायची, हा त्याचा धंदा. इकडं आण्याच्या पठारापर्यंत, तिकडं अवसरीपर्यंत लोक त्याला बोलवायचे. गाडीला हत्यारांची पिशवी आणि तिच्यात, पान्यांच्या खाली, बायकोच्या जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा.

हा कॅमेरा त्यानं नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. मोटार सुरू झाली, पाण्याची धार पडली, की दुसरा मेकॅनिक चहा घेऊन निघाला असता. हा बांधावर बसून राहायचा. बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे, पाटाच्या कडेनं शेपूट हलवत फिरणारा धोबी, विजेच्या तारेवरचा नीळकंठ. रोल संपायला महिना लागायचा आणि फोटो धुऊन आले की पाखरू दिसायचं मोहरीएवढं. त्याचा दोस्त भागू जीप चालवायचा. तो फोटो उलटासुलटा करून विचारायचा, "राव, यात पाखरू कंचं आन डाग कंचा?"

कुंडलिक हसायचा. जवळ जाऊन काढलेला एकही फोटो त्याच्याकडं नव्हता.

निर्मलाला, त्याच्या बायकोला, पहिल्या पहिल्यांदा फार राग यायचा. ओझरच्या गणपतीला निघावं तर हा येडगाव धरणाच्या काठी गाडी लावणार आणि ही नैवेद्याचा डबा धरून उन्हात उभी. मूलबाळ झालं नाही. घरात दोघं आणि सासू प्रयागबाई. पुढं पुढं निर्मला माळ घेऊन त्याच्याजवळ बसायला लागली. तो पाखरं बघायचा, ती नाम घ्यायची. दोघांचं आपापलं चालायचं आणि तरी सोबत व्हायची.

कुंडलिकनं पन्नाशीही गाठली नव्हती. दुकानातच छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आपल्या भागात दहावा म्हणजे माणसाची किंमत कळायचा दिवस. धाकट्या भावानं, भरतनं, काही कमी पडू दिलं नाही. मीना नदीच्या घाटावर मांडव, कर्णा, बुवांचं प्रवचन आणि त्यानंतर श्रद्धांजलीला पुढारी. मूल नसल्यानं विधीलाही तोच बसला होता. भात शिजला, पिंड मांडले, सगळे हात जोडून भोवती उभे राहिले.

कावळा शिवेना.

पलीकडच्या करंजावर चार-पाच बसलेले दिसत होते. एखादा उडायचा, मांडवावरून घिरटी घालून पुन्हा फांदीवर जायचा. माणसाची इच्छा मागं राहिली की असं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. भरत मोठ्यानं म्हणाला की वहिनीला अंतर देणार नाही. मग म्हणाला, दुकान चालू ठेवीन. मग आईचं नाव घेतलं. कुणी म्हणालं, पाखरांचं काहीतरी बोला. कुणी काव काव करून बोलावू लागलं. कर्ण्यावर एका पुढाऱ्याचं भाषण चाललंच होतं.

भागूचे डोळे रडून सुजले होते, तरी त्याच्या तोंडून निघून गेलं, "सगळ्या पाखरांचं फोटू काढलं, कावळ्याचा एक न्हाई काढला. रुसला आसंल."

लोक हसले आणि लगेच खाली बघू लागले.

ऊन चढलं. गुरुजींना पुढं दुसऱ्या गावी दहावा होता. शेवटी त्यांनी दर्भ मागितला. त्याचा कावळा करून पिंडाला लावला की शास्त्र पुरं होतं, त्यात दोष नाही, असं त्यांनी समजावलं. भरतनं मान हलवली.

निर्मला बायकांत बसली होती. गुरुजींच्या हातात गवताला गाठ पडताना तिनं पाहिली. ज्या माणसाचा जन्म खऱ्या पाखराची वाट बघण्यात गेला, त्याला गवताचं पाखरू लावून वाटेला लावायचं? इच्छा राहिली असेलही. पण आपल्याला कळलेला कुंडलिक असा अडून बसणारा नव्हता. एकदा आण्याच्या घाटात तिनं कंटाळून विचारलं होतं, अजून पाखरू कसं येत नाही? तो म्हणाला होता, आपण टक लावून बसलोय ना, म्हणून.

ती उठली. पुरुषांमधून वाट काढत भरतपाशी गेली.

"भावजी, कर्णा बंद करा. आन समद्यांना मागं घ्या."

"वैनी, सायेब बोलत्यात."

"बोलू द्या मागनं. आधी ह्यांना जाऊ द्या."

चुलतसासू लंकाबाई मागून म्हणाली, "नवरा गेला आन हिला तोंड फुटलं." निर्मलानं ऐकलं, पण मागं पाहिलं नाही. भरत घुटमळला. मग आईकडं बघितलं. प्रयागबाईनं नुसता हात हलवला, जा म्हणून.

कर्णा बंद झाला. शे-दीडशे माणूस पायऱ्या चढून मागं सरकलं. निर्मलानं सगळ्यांना खाली बसायला लावलं, पिंडाकडं पाठ करून. गुरुजीही दर्भ हातात धरून तसेच बसले. कुणी खोकलं नाही. खाली पाणी वाहत होतं तेवढंच. निर्मलाच्या हातात माळ नव्हती, ती बोटांच्या पेरांवर नाम घेत राहिली. डोकं वळवून बघावं असं फार वाटलं. तिनं बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं मागं पंख फडफडले. मग चोचीचा, भात विस्कटल्याचा आवाज आला.

"शिवला," गुरुजी हळू बोलले आणि खाली उतरून हातातला दर्भ त्यांनी नदीत सोडला.

प्रयागबाईनं सुनेला जवळ ओढून विचारलं, "काय कबूल क्येलंस गं मनात?"

"काय न्हाई, आत्या. गप बसले."

कर्णा पुन्हा सुरू झाला. साहेब चिठ्ठीवरून कुंडलिकचं नाव वाचू लागले. निर्मला सासूला धरून पायऱ्या उतरत पाण्यापाशी गेली. आता रडायला हरकत नव्हती.